मदत हवी आहे: १६ वर्षांचा भाचा घरातून निघून गेला, आता तिकीट काढून देणाऱ्या मुलावर गुन्हा

माझा १६ वर्षांचा भाचा दहावीच्या निकालानंतर वडिलांशी वाद होऊन घरातून निघून गेला. मोबाइल उशीखाली होता आणि सायकलची किल्ली नेहमीच्या खिळ्याला, त्यामुळे ताईला सकाळी नऊपर्यंत काहीच कळले नाही. पोलीस ठाण्यात आम्हाला आधी ‘२४ तास वाट पाहा’ असे सांगण्यात आले; वास्तविक बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर तत्काळ गुन्हा नोंदवून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे. सहाव्या दिवशी तो परराज्यातील एका रेल्वे स्थानकावर सुखरूप सापडला आणि तेथील बालकल्याण समितीने त्याला तूर्त बालगृहात ठेवले आहे.

काळजी वेगळीच आहे. त्याला तिकीट काढून देणारा १९ वर्षांचा शेजारी मुलगा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली, म्हणजे अपहरणाच्या गुन्ह्यात, आरोपी आहे. अल्पवयीन व्यक्ती स्वेच्छेने निघाली असेल, तर केवळ सोबत करणे म्हणजे ‘घेऊन जाणे’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वरदराजन या जुन्या खटल्यात म्हटले होते. पण तेथील मुलगी सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावर होती आणि आमचा भाचा तसा नाही.

भाच्याने समितीपुढे दिलेला जबाब या मुलाच्या जामिनासाठी वापरता येईल का? ताईने गुन्हा मागे घेण्यास संमती दिली, तर त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागेल का? शिवाय भाच्याचा ताबा मिळण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातून गृहचौकशी अहवाल मागवला जाईल, असे समजते; त्यासाठी ताईने कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत? अशा प्रकरणांत काम केलेल्या वकिलांनी किंवा समिती सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.