द्राक्षबागांमधलं घर, समुद्र दीड किलोमीटरवर, नळ नाही: टाकीच्या पाण्याचं गणित कसं बसवायचं? (साउथ ऑस्ट्रेलिया)

विलंगाच्या_वाटेवर:
अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला, सेलिक्स बीचच्या अलीकडे घर घेतोय. दोन बाजूंना शिराझ द्राक्षांच्या बागा, तिसरीकडे गवताचं रान. सरकारी पाइपलाइन नाही, सगळं पाणी छतावरून. दोन पॉली (प्लास्टिकच्या) टाक्या आहेत, प्रत्येकी 22,500 लिटरच्या. घराचं छत 220 चौ. मी., पत्र्याचं. शिवाय 150 चौ. मी.ची शेड आहे, तिच्या पन्हळीचं पाणी सध्या जमिनीवर सोडलंय. माणसं चार. पाणी पुरेल का? आणि शेजारच्या फवारणीनंतर ते प्यायचं कसं?

पागोळी:
आधी हिशेब. तिथला पाऊस 500 मिमी धरा. महिन्याला 2 मिमी पत्रा ओला होण्यात जातात, म्हणजे वर्षाचे 24 वजा. उरलेल्याचे 85 टक्के टाकीत येतात. 220 × 476 × 0.85 = सुमारे 89,000 लिटर. चार माणसांना माणशी 100 लिटर म्हटलं तरी वर्षाला 1,46,000 लागतात. नुसत्या घराच्या छतावर भागत नाही. शेड जोडलीत तर बेरीज दीड लाखाच्या आसपास जाते, म्हणजे जेमतेम. बागेला पाणी घालायचा विचार सोडून द्या.

दुसरी अडचण साठ्याची. पाऊस मे ते सप्टेंबर, महिने आपल्याकडच्यासारखेच, पण तिथे तेव्हा हिवाळा असतो. नोव्हेंबर ते मार्च हे 150 दिवस बहुतेक कोरडे. रोजचे 400 लिटर धरले तर 60,000 लिटर हाताशी हवेत. तुमच्याकडे 45,000, त्यातून आगीसाठी 10,000 बाजूला ठेवले तर उरलेलं 87 दिवसांचं. जानेवारीच्या अखेरीस टँकरवाल्याला फोन. त्यामुळे शेडची पन्हळ जोडा आणि तिच्याजवळच तिसरी टाकी बसवा, म्हणजे पाइप लांबवर न्यायला नको.

पन्हळीचे पाइप जमिनीखालून जाऊन टाकीत वर चढतात का, ते घर घेण्याआधी बघा. असं असेल तर दोन पावसांच्या मधे ते पाइप भरलेले राहतात, पाणी कुजतं, डास होतात. सगळ्यात खालच्या जागी निचऱ्याचा व्हॉल्व्ह हवाच, आणि तो उघडता येईल इतपत वर असावा. बऱ्याच ठिकाणी तो मातीत गाडलेला सापडतो.

फर्स्ट फ्लशचा, म्हणजे छतावरून येणारं पहिलं घाण पाणी टाकीबाहेर अडवणारा, उभा पाइप दर 100 चौ. मी. छतामागे 20 ते 25 लिटरचा ठेवा. खालच्या टोपणाचं बारीक भोक पानांच्या चिखलाने बुजतं, मग पाइप रिकामा होत नाही आणि पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत जाते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा टोपण काढून धुवा. एप्रिल-मेचा पहिला चांगला पाऊस मात्र पूर्ण बाहेर सोडा. तेव्हा पत्र्यावर उन्हाळाभराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि समुद्राचं मीठ साचलेलं असतं.

गोडी_छाटणी:
फवारणीबद्दल. नाशिकसारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशी दोनदा छाटणी तिथे नाही. वेल थंडीत झोपतो, छाटणी एकदाच, जून ते ऑगस्ट. डोळे सप्टेंबरात फुटतात. तिथून जानेवारीपर्यंत भुरी आणि डावणी या बुरशीच्या रोगांवर फवारणी: भुरीसाठी गंधक, डावणीसाठी तांबं. काढणी जवळ आली की गंधक बंद करतात, कारण मण्यांबरोबर ते आंबवणीत गेलं तर वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. वेलांखालचं तणनाशक हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे: तांबं पाऊस येणार म्हटलं की *आधी* मारतात. म्हणजे पत्र्यावर उडालेला अंश धुऊन आणणारा पाऊस लगेच दुसऱ्या दिवशी. शेजाऱ्याला फवारणीच्या आदल्या दिवशी मेसेज करायला सांगा. तिथले बागायतदार फवारणीची नोंद ठेवतात, नीट विचारलंत तर औषधाचं नावही सांगतात. मेसेज आला की पन्हळीचा पाइप टाकीपासून तोडायचा आणि नंतरच्या पहिल्या जोरदार सरीनंतर परत जोडायचा. त्यासाठी पाइपला वळवायचा व्हॉल्व्ह आधीच बसवून घ्या, शिडीवर चढून जोड काढणं दोनदाच होतं, तिसऱ्यांदा कंटाळा येतो.

बाग घराच्या पूर्वेला असेल तर जास्त जपा. तिथे उन्हाळ्यात रात्री टेकड्यांवरून समुद्राकडे वारा उतरतो. आणि वारा अजिबात नसलेली पहाट सुरक्षित समजू नका: थंड हवा खाली दबलेली असते, बारीक थेंब बसत नाहीत, तरंगत लांब जातात. जाणकार माणूस ताशी 3 ते 15 किमी वेगाचा, घरापासून दूर जाणारा वारा बघूनच ट्रॅक्टर काढतो.

विलंगाच्या_वाटेवर:
घरात यूव्हीचा दिवा आहे. मग प्यायला प्रश्न नाही ना? नाहीतर उकळून घेऊ.

पागोळी:
दोन्हीने औषध जात नाही. यूव्ही जंतू मारतो, बाकी काही नाही. उकळल्यावर पाणी उडतं, तांबं तिथेच राहतं. क्रम असा हवा: 20 मायक्रॉनचा फिल्टर, मग 5 मायक्रॉनचा, मग कार्बनचा, शेवटी यूव्ही. कार्बन बऱ्याच सेंद्रिय औषधांना धरतो, पण विरघळलेल्या तांब्यावर फार विसंबू नका. तिथे पाइप तोडणं हाच उपाय. दिवा वर्षाने बदला, तो निळा दिसत राहतो पण जोर गेलेला असतो.

टाकीला वास येऊ लागला किंवा आत मेलेला पक्षी सापडला तर दर 1000 लिटरला 12.5 टक्क्यांचं द्रव सोडियम हायपोक्लोराइट 40 मिली. तुमच्या भरलेल्या टाकीला 900 मिली. 24 तास थांबा. पोहण्याच्या तलावाचं क्लोरीन आणलंत तर स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) नसलेलंच.

खारा_वारा:
पागोळींशी बाकी सहमत, पण आगीचं पाणी पॉली टाकीत ठेवणं मला पटत नाही. गवताचं रान पेटलं तर पाण्याच्या पातळीच्या वरचं प्लास्टिक वितळतं, जोड सुटले की खालचंही वाहून जातं. आगीचा साठा पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या वेगळ्या टाकीत ठेवा. काही भागांत तो सक्तीचा आहे, किती लिटर आणि कसला जोड लागतो ते स्थानिक कौन्सिलकडून लेखी घ्या. घरचा पंप विजेचा असणार आणि आगीत पहिली वीज जाते, म्हणून पेट्रोल किंवा डिझेलचा पंप. हिरव्या, पाणी दिलेल्या बागेकडून आग सहसा मंदावते. तुमची काळजी तिसऱ्या बाजूची, त्या गवताची.

पत्र्याचे स्क्रू बघा. गंज पहिल्यांदा वळचणीखाली दिसतो, जिथे पावसाने मीठ धुतलं जात नाही. छतावर शिशाच्या पट्ट्या असतील तर ते पाणी प्यायच्या टाकीत नको. सेप्टिकचा गाळ शेवटचा कधी उपसला त्याची पावती मागा, चारेक वर्षं झाली असतील तर विकणाऱ्याकडूनच उपसून घ्या.

विलंगाच्या_वाटेवर:
शेड जोडणं आणि वळवायचा व्हॉल्व्ह, दोन्ही करारात घालतो. एक शेवटचं: नाशिकच्या बागेतून थॉमसनच्या दोन काड्या आणून कुंपणाला लावल्या तर?

गोडी_छाटणी:
अजिबात नको. विमानतळावर जप्त होतील आणि दंड वेगळा. साउथ ऑस्ट्रेलियात फिलॉक्सेरा ही द्राक्षवेलीची कीड नाही, त्यामुळे तिथले कितीतरी वेल खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. ती कीड मुळाला लागली की वेल जातो. व्हिक्टोरियातल्या बागेत फिरून आलेले बूटसुद्धा शेजाऱ्याच्या ओळीत घालून जाऊ नका. काडी तिथल्याच नर्सरीतून घ्या, आणि कुंपणाला लावलीत तर तिच्यावरच्या भुरीकडेही बघा, नाहीतर शेजारी फवारणीचा मेसेज करणं बंद करेल.