वहीच्या शेवटच्या पानावर ‘मी नसले तरी...’ लिहिलेलं सापडलं. वर्गशिक्षिकेने काय करावं?

नववी_ब

मी नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातली एक मुलगी पहिल्या सत्रात प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायची. गेला महिनाभर मधल्या सुट्टीत एकटी बसते, बाकावर डोकं टेकून. हजेरीपट चाळला तर तिच्या बहुतेक गैरहजेऱ्या खेळाच्या तासाच्या दिवशीच पडल्यात. काल वह्या तपासताना शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ‘मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही.’ त्याखालच्या दोन ओळी खोडून टाकलेल्या.

विचारलं तर म्हणाली, “काही नाही मॅडम, असंच लिहिलं. घरी सांगू नका, प्लीज.” आमच्याकडे समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात, म्हणजे आता पुढच्या आठवड्यात. स्टाफरूममध्ये ऐकायला मिळालं की या वयात असं चालायचंच, विषय वाढवू नका. मला रात्रभर झोप नाही. थेट विचारलं आणि तिच्या मनात नसलेलं मीच भरवलं तर?

समुपदेशक_ताई

मॅडम, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आजच बोला. मी माध्यमिक शाळेत समुपदेशनाचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमची भीती. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांमध्ये दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही, त्यांच्यात तसे विचारही वाढले नाहीत. उलट जी मुलं आधीच निराश होती, त्यांना विचारल्यानंतर किंचित हलकं वाटलं होतं.

तेव्हा विचारा, आणि आडवळणाने नको. ‘तुझ्या मनात वेडंवाकडं काही नाही ना?’ असं विचारलं की मूल ‘नाही’च म्हणतं, कारण आपल्याला तेच उत्तर हवंय हे त्याला कळतं. मी साधारण असं बोलते: “तू लिहिलेली ओळ मी वाचली. मी रागावलेले नाही. कधी कधी खूप त्रास झाला की मुलांना जगूच नये असं वाटतं. तुला तसं वाटतं का?” आणि मग गप्प बसायचं. ही शांतता जड जाते. आपल्याला वाटतं, काहीतरी धीराचं बोलावं. बोलू नका, तिला वेळ द्या. समोरासमोर टेबलाच्या पलीकडे बसवण्यापेक्षा शेजारी बसा, हाताला काही काम असलं तर आणखी बरं. माझ्याकडे मुलं ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हरं घालता घालता बोलतात.

ती ‘हो’ म्हणाली तर पुढचा प्रश्न: कसं करायचं, कधी करायचं असं काही ठरवलंय का? ठरवलेलं असेल तर त्या क्षणापासून तिला एकटं सोडायचं नाही. स्वच्छतागृहापर्यंतसुद्धा कुणीतरी बाई सोबत हव्यात. मुख्याध्यापकांना तिथूनच निरोप धाडायचा, पालक येईपर्यंत तिच्याजवळ थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ‘नाही’ म्हणाली तरी ती ओळ तिने लिहिली आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांना सांगायचंच आणि समुपदेशकांना आजच फोन करायचा.

आता ‘घरी सांगू नका’ बद्दल. गुपित ठेवायचं वचन देऊ नका, आणि तिच्या पाठीमागे फोनही करू नका. तिला सांगा, “तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, तो मी एकटीने सांभाळू शकत नाही. पण कुणाला, काय आणि कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.” बहुतेक मुलं यातून वाट काढतात: आईला सांगा पण बाबांना मी सांगेन, किंवा तुम्ही बोला, मी शेजारी बसते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. भीती घरातल्याच कुणाची आहे असं वाटलं तर घरी फोन करण्याआधी शाळेत बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी बोला.

आणि तो खेळाचा तास! हजेरीपटात हे तुमच्या लक्षात आलं, फार बरं झालं. त्या तासाला कपडे बदलावे लागतात, संघ निवडताना कुणीतरी शेवटी उरतं, पाळीचं टेन्शन असतं, शिक्षकांची नजर लांब असते. अंगावरचे वण लपवायचे असले तरी मुलं नेमका तोच तास टाळतात. कारण काय ते तीच सांगेल. बाही वर करून बघू नका.

तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. आपला अर्थ त्यात घालू नका.

अकरावीच्या_मुलाची_आई

पालकांना फोन कसा करावा, एवढ्यापुरतं सांगते, कारण मला तसा फोन आला होता. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याच्या बाई पहिल्या वाक्यात म्हणाल्या, “तो शाळेत आहे, सुखरूप आहे, माझ्या शेजारी बसलाय.” मग त्यांनी काय पाहिलं तेवढंच सांगितलं. डबा न खाता परत नेतो, गणिताच्या पेपरवर नुसतं नाव लिहून दिलं. ‘डिप्रेशन’ वगैरे शब्द त्यांनी वापरला नाही, ‘घरी काही भांडणं आहेत का’ असंही विचारलं नाही. पहिल्याच वाक्यात आमच्यावर बोट आलं असतं तर माझे मिस्टर भांडायलाच उठले असते. घरातली औषधं कुलपात ठेवा, हेही त्यांनीच सुचवलं. मला ते सुचलं नसतं.

विज्ञान_शिक्षक

ताईंचं पटतं. पण सुट्टीत डोकं टेकून बसणारी सगळीच मुलं निराश नसतात, हेही बघावं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. माझ्या पहिल्या तासाला अर्धा वर्ग पेंगत असतो.

समुपदेशक_ताई

सर, बरोबर आहे, झोपेबद्दल मीही आधी विचारते. पण इथे नुसतं डोकं टेकणं नाही. बदललेली वागणूक, ठरावीक दिवशीची गैरहजेरी आणि ती ओळ, तिन्ही एकत्र आलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १० ते १९ वयोगटात सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. प्रत्येक वर्गात अशी काही मुलं असणारच, म्हणून ‘चालायचंच’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

नववी_ब

ताई, काल बोलले. तुमचंच वाक्य वापरलं. बराच वेळ गप्प होती, मग रडली. असे विचार येतात, पण काही ठरवलेलं नाही म्हणाली. खेळाच्या तासाला कपडे बदलताना वर्गातल्या तिघी तिच्या शरीरावरून बोलतात, एकीने फोटो काढल्याची धमकी दिली आहे. आई येऊन गेली, समुपदेशकही मुद्दाम आले, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोमवारी ती वर्गात येईल. मी कसं वागू? आणि त्या तिघींना तिची माफी मागायला लावू का?

समुपदेशक_ताई

मॅडम, फार छान हाताळलंत.

समोरासमोर माफी नको. सगळ्यांदेखत ‘ठीक आहे’ म्हणायची सक्ती तिच्यावरच होते आणि पुढे बाहेर गाठून त्रास वाढतो. तिघींशी मुख्याध्यापकांनी वेगवेगळं बोलावं, त्यांच्या पालकांना बोलवावं. फोटोचा विषय आजच मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. फोन तुम्ही स्वतः उघडून बघू नका, फोटो कुणाला पाठवायला सांगू नका. कपडे बदलायला तिला वेगळी जागा द्या आणि त्या खोलीबाहेर तासाच्या आधी-नंतर एक शिक्षिका उभी राहू दे.

सोमवारी वर्गात नेहमीसारखं वागा. विशेष गोड बोललात तर सगळा वर्ग वळून बघेल. फार कोंडल्यासारखं झालं तर कारण न सांगता कुठे जाऊन बसायचं आणि कुणाकडे, ते तिच्याशी आधीच ठरवा. सगळ्या विषयशिक्षकांना फक्त एवढंच सांगा की ती उठून गेली तर अडवू नका, पण ती तिथे पोचली का हे लगेच बघा. बाकी तपशील त्यांना कळायची गरज नाही.

पहिला आठवडा सगळे लक्ष देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चौकशी थांबते, म्हणून त्या तारखा आत्ताच डायरीत घाला. आणि समुपदेशकांना तुमच्यासाठीही थोडा वेळ मागा, रात्रभर जागून तुम्हीही दमला असाल.