सदोष इम्प्लांट : आयोगात एकट्यानं लढायचं की सरकारच्या सूत्राची वाट पाहायची?

मुळशीकर
माझं मत आधीच सांगून टाकतो. शरीरात बसवलेली वस्तू सदोष निघाली तर ज्यानं त्यानं आपली तक्रार सरळ जिल्हा ग्राहक आयोगात टाकावी. सरकार भरपाई मिळवून देईल म्हणून थांबू नये.

डीप्यू कंपनीच्या 'एएसआर' नावाच्या कृत्रिम खुब्याच्या सांध्याचं काय झालं बघा. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम हे धातू रक्तात उतरायला लागले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो सांधा जगभरातून परत मागवला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्रानं तज्ज्ञ समिती नेमली २०१७ मध्ये. भरपाईचं सूत्र आलं २०१८ च्या अखेरीस, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. मग कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, की अशी भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार औषध कायद्यात आहेच कुठे? म्हणजे आठ वर्षांनी सूत्र आलं आणि लगेच त्यावरच खटला.

गोदाकाठ
साफ अमान्य. आयोगात एकटा पेन्शनर काय सिद्ध करणार? सांध्याची रचनाच चुकीची होती हे सांगायला धातुतज्ज्ञ लागतो, रक्ततपासण्या लागतात, आणि समोर कंपनीच्या वकिलांची फौज. सूत्रात निदान अपंगत्वाची टक्केवारी आणि वय यांवर आकडा ठरतो, दोष नव्यानं सिद्ध करत बसावं लागत नाही. २०१९ मध्ये कंपनीनं ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी दाखवली, ती एकेकट्या तक्रारीमुळे नाही, सूत्राच्या दबावामुळे.

अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. आठ हजारांच्या आसपास लोक एकत्र होते म्हणून झाली.

आणि सरकारी रुग्णालयाचं काय? जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण 'ग्राहक' नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालातच सांगून ठेवलंय. त्याला कुठल्या आयोगात पाठवता?

वकीलवाडा
दोघांनीही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा नीट वाचलेला दिसत नाही. (रागावू नका, आमच्या बार रूममध्येही फारसा कुणी वाचलेला नाही.) त्यात उत्पादन-दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. कलम ८४ प्रमाणे रचनेतला दोष, निर्मितीतला दोष, अपुऱ्या सूचना, यातलं एक दाखवलं तरी उत्पादक अडकतो. उत्पादक परदेशात असेल आणि त्याच्यावर इथला आदेश बजावता येत नसेल, तर कलम ८६ खाली आयातदाराला धरता येतं.

कुठल्या आयोगात जायचं हे ठरतं उपचारासाठी मोजलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. तीन लाखांची शस्त्रक्रिया असेल तर कोटीची मागणीही जिल्हा आयोगातच, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. साताऱ्याचा माणूस साताऱ्यातच तक्रार करू शकतो.

खरी मेख कलम ८७ मध्ये आहे. वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असेल आणि उत्पादकानं त्या तज्ज्ञाला इशारा दिला असेल, तर 'आम्हाला सांगितलं नाही' या मुद्द्यावर उत्पादक सुटतो. म्हणून तक्रारीत भर सूचनांवर नको, रचनेतल्या दोषावर हवा. आणि कायद्यातलं हे प्रकरण २० जुलै २०२० पासून लागू झालंय. एएसआरच्या जुन्या रुग्णांना त्यावर फार भिस्त ठेवता येणार नाही.

हाडवैद्य_एमएस
म्हणजे कंपनी म्हणणार 'डॉक्टरला सांगितलं होतं', आणि तुम्ही वकील मंडळी सामनेवाला क्रमांक एक म्हणून सर्जनचंच नाव टाकणार. सांधा काय आम्ही घडवतो? डॉक्टरला पहिल्या ओळीत उभं केलंत की तो तोंड मिटतो, आणि रुग्णाचा सगळ्यात उपयोगी साक्षीदार तिथेच संपतो. बिघाडाची नोंद मटेरिओव्हिजिलन्स या, वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमात करायची सोय २०१५ पासून आहे. स्वतःवरच शेकेल या भीतीनं कोण करणार?

वकीलवाडा
डॉक्टरसाहेब, मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढलेला सांधा कंपनीच्या माणसाच्या हाती जाऊ देऊ नका. सील करून, रुग्णाची सही घेऊन त्याच्या ताब्यात द्या. एवढं केलंत तर तुमचं नाव वगळायला मी पहिला तयार.

लेक_सोलापूरची
तुमचं कलम-कलम चालू द्या. माझ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. दुखणं वाढलं तेव्हा रुग्णालयात कागद मागायला गेले, तर 'जुनं रेकॉर्ड ठेवत नाही' एवढंच उत्तर. इम्प्लांटच्या खोक्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावलेलंच नव्हतं. सांधा कुठल्या कंपनीचा, हेच ठाऊक नाही. आता आयोगात कुणाविरुद्ध जाऊ आणि सूत्रात तरी कुठे बसू?

डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णाचे कागद तीनच वर्षं जपायचे असतात. सांधा बिघडतो सहाव्या-सातव्या वर्षी. एएसआरच्या ४,७०० पैकी हजाराच्या आसपासच लोकांचा माग लागला, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

गोदाकाठ
हेच म्हणतोय मी! प्रत्येक इम्प्लांटची सरकारी नोंदवही असती तर ताईंना हा प्रश्नच पडला नसता. हे काम कुठला जिल्हा आयोग करणार?

मुळशीकर
नोंदवही हवीच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण ती येईपर्यंत ताईंच्या आईचा खुबा थांबणार आहे का? तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

लेक_सोलापूरची
दोन वर्षं कधीपासून? ऑपरेशनपासून धरली तर आमची केव्हाच संपली.

वकीलवाडा
दोष कळला त्या दिवसापासून, असा युक्तिवाद करता येतो, आणि उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला कलम ६९ मध्ये आहेच. आधी रुग्णालयाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचं बंधन आहे, आणि 'नाही' म्हणाले तर तेही लेखी घ्या. जुनं बिल सापडतंय का बघा, विमा असेल तर विमा कंपनीकडे त्याची प्रत असते. एक्स-रे काढून घ्या, सांध्याच्या आकारावरून तो कुठल्या कंपनीचा हे जाणकार सर्जनला बऱ्याचदा ओळखता येतं. रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासायचं का, तेही त्यांनाच विचारा.

हाडवैद्य_एमएस
एक्स-रे इथे टाका, नाव झाकून. मी बघतो.