मदत हवी आहे: जीपीजीला डब्ल्यूकेडीवरून की सापडत नाही, डीएनएसमध्ये काय राहिलंय?

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेच्या तक्रारींच्या पत्त्यावर लोक बरंच नाजूक काही लिहून पाठवतात. ते एन्क्रिप्ट होऊनच यावं म्हणून ओपनपीजीपी या एन्क्रिप्शन पद्धतीची सार्वजनिक की (जिने इतरांना आमच्यासाठी मेल कुलूपबंद करता येतो) डब्ल्यूकेडीत, म्हणजे मेल पत्त्यावरून की शोधून देणाऱ्या वेब की डिरेक्टरीत, ठेवली आहे. की मिळाली नाही तर माणूस कंटाळून साधाच मेल धाडतो, म्हणून हे लवकर सुटायला हवं.

मुख्य डोमेनवरची वेबसाइट दुसरं कुणी सांभाळतं, तिथे आम्हाला फाइली टाकता येत नाहीत. त्यामुळे वेगळ्या सर्व्हरवर ॲडव्हान्स्ड पद्धतीने, म्हणजे 'ओपनपीजीपीकी' या सबडोमेनसाठी, मांडणी केली. मेल पत्त्यापासून बनलेल्या 32 अक्षरी हॅशच्या नावाची कीची फाइल बायनरीतच आहे, डब्ल्यूकेडीला लागणारी पॉलिसी फाइलही आहे. कर्ल या फाइल उतरवणाऱ्या साधनाला सर्व्हरचा आयपी हाताने दिला तर की व्यवस्थित उतरते. जीपीजी (ओपनपीजीपीने मेल एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम) मात्र 'नो डेटा' म्हणतं, आणि आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या विनंतीचा मागमूसही नाही. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा आयपी सांगणारी यंत्रणा) तपासणाऱ्या डिगने 'ओपनपीजीपीकी' हे सबडोमेन पाहिलं तर एनएक्सडोमेन, म्हणजे 'असं नावच नाही', असं उत्तर येतं.

नोंद कोणती घालू, ए (नावाला थेट आयपी देणारी) की सीनेम (नावाला दुसऱ्या नावाशी जोडणारी)? आणि सबडोमेनच नाही, हे जीपीजी सरळ का सांगत नाही?

प्रतिसाद

सबडोमेन नसणं ही जीपीजीच्या लेखी चूक नाहीच. ते नाव सापडलं नाही तर डायरेक्ट पद्धतीकडे, म्हणजे थेट मुख्य डोमेनकडे, वळायचं, असाच नियम आहे. म्हणजे विनंती मुख्य डोमेनवर गेली, तिथे 404 ('फाइल नाही') मिळाला आणि त्याचं 'नो डेटा' झालं. त्या वेबसाइटचा लॉग मागवा, त्यात तुमचा हॅश दिसेल.

ए किंवा सीनेम, काहीही चालेल. पण सीनेम घातलं तरी सर्टिफिकेटवर 'ओपनपीजीपीकी' सबडोमेनचंच नाव हवं. इथे बरेच जण अडकतात, कारण नाव सापडलं आणि टीएलएस (सर्टिफिकेटवरची सुरक्षित जोडणी) फसलं, तर क्लायंट डायरेक्ट पद्धतीकडे जात नाही. झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या डीएनएस नोंदींत, वाइल्डकार्ड (न घातलेल्या सगळ्या नावांना लागू होणारी नोंद) असेल तर नोंद न घालताही हाच त्रास होतो. अशांना डायरेक्ट पद्धतच वापरायची असेल तर त्या सबडोमेनला रिकामी टीएक्सटी (मजकुराची) नोंद द्यावी.

धागाकर्ता

मनापासून आभार. ए नोंद घातली, सर्टिफिकेटही घेतलं. अधिकृत नेमसर्व्हरला (आमच्या डोमेनच्या नोंदी जिथे असतात त्याला) विचारलं तर आयपी येतो, माझ्या लॅपटॉपवर मात्र अजून एनएक्सडोमेनच!

प्रतिसाद

'असं नावच नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर (तुमच्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर) साठवून ठेवतो. किती वेळ, ते डोमेनच्या एसओए या मूळ नोंदीत बघा: तिचा टीटीएल (साठवण्याची मुदत, सेकंदांत) आणि तिच्यातला शेवटचा आकडा, यांपैकी जो लहान तो. दोन्ही 86400 असतील तर अख्खा दिवस. तोवर दुसरा रिझॉल्व्हर लावा, डर्मंगर (जीपीजीसाठी नेटवरून की आणणारा प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा सुरू करा आणि जीपीजीच्या लोकेट-एक्स्टर्नल-कीज या पर्यायाने शोधा. नुसतं लोकेट-कीज वापरलंत तर तुमच्याच कीरिंगमधली (संगणकावर साठवलेली) की समोर येईल आणि उगाच समाधान होईल.

धागाकर्ता

दुसऱ्या रिझॉल्व्हरवर की आली, फिंगरप्रिंटही (कीची ओळखखूण) जुळला. आकडा 86400च निघाला. उद्या बाहेरच्या दोघांकडून तपासून घेतो आणि मगच पत्ता पुन्हा जाहीर करतो.