नट सोडवायला ३८८ व्होल्टची गन घ्यावी का? सिडकोतल्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

रोहित, बी-२०४: नमस्कार सगळ्यांना. परवा समृद्धीवर जालन्याच्या अलीकडं वॅगन-आरचा मागचा टायर बसला. स्टेपनी होती, जॅक होता, पण व्हील नट काही केल्या हलेनात. एल पान्यावर अक्षरशः उभा राहिलो तरी नाही. सोबत आई, वर ऊन. मदतीची गाडी येईपर्यंत थांबावं लागलं. आता घरी इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट फिरवणारं मशीन, ठेवायची ठरवलंय. ऑनलाईन एक बघायलोय, ३८८ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, नटावर बसणाऱ्या गोट्यांची (सॉकेटची) पेटी, सगळं स्वस्तात. कुणी वापरलीय का?

गायकवाड सर, सी-१०३: आमच्या मेव्हण्याकडं १२८ व्होल्टवाली आहे. चालते म्हणायलाय.

देशमुख काका, ए-१०१: रोहित, ऑर्डर टाकू नकोस. आईंची तब्येत बरी आहे ना? सावकाश सगळं लिहितो.

रोहित, बी-२०४: आई बरी आहे काका. लिहा तुम्ही.

देशमुख काका, ए-१०१: आधी व्होल्टचं. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. असे पाच सेल ओळीनं जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच पाच सेल २१ पर्यंत जातात, म्हणून कुणी १८ लिहितं, कुणी २० किंवा २१. बॅटरी तीच. खरोखर ३८८ व्होल्ट हवे असतील तर १०८ सेल लागतील, आणि नुसत्या सेलचंच वजन पाच किलोच्या आसपास जाईल. तुझ्या फोटोतली बॅटरी तळहातावर मावेल एवढी आहे. आत पाच सेल आहेत, जास्तीत जास्त दोन ओळींत दहा. १२८ काय, ३८८ काय, ते स्टिकरवरचे आकडे आहेत. ज्यानं व्होल्ट खोटे छापले त्यानं टॉर्कचा, म्हणजे नट फिरवायच्या जोराचा, आकडा खरा छापला असेल असं मी धरणार नाही.

देशमुख काका, ए-१०१: आता टॉर्क. चांगल्या कंपन्या दोन आकडे देतात, आवळण्याचा वेगळा आणि अडकलेला नट सोडवण्याचा वेगळा. मकिताच्या डीटीडब्ल्यू-३०० चं बघ, आवळायला ३३० एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप), सोडवायला ५८०. एकच मोठा आकडा छापला असेल तर तो सोडवण्याचा समजायचा. घरच्या कारसाठी अर्धा इंच चौकोनाची (गोटी त्यावर बसते), १८ व्होल्टची, ब्रशलेस मोटरची, सोडवायला ३५०-४०० एनएमची गन पुष्कळ झाली. बॅटरी ४ एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) घे. गनच्या आत ठोके देणाऱ्या हातोडीला एकदम करंट लागतो, बारकी बॅटरी तिथं दम टाकते. घरात आधीपासून एखाद्या कंपनीचं कॉर्डलेस ड्रिल असेल तर त्याच कंपनीची नुसती बॉडी घे, बॅटरी-चार्जरचे पैसे वाचतात.

सुनीता ताई, सी-३०२: काका, हवेवर चालणारी का नको? टायरवाल्याकडं तीच असते.

देशमुख काका, ए-१०१: ताई, हवेची गन उत्तमच, पण तिला सहा-साडेसहा बार दाबाची हवा भरपूर लागते. आपण टायरमध्ये हवा भरायला डिकीत ठेवतो त्या पंपावर ती चालत नाही. टाकीवाला कॉम्प्रेसर लागेल, आणि तो पार्किंगमध्ये ठेवायचा कुठं? वायरवाली २३० व्होल्टची गनही मिळते, ताकदीला कमी नाही. पण तिला पार्किंगच्या कॉमन मीटरवरून लाईन ओढावी लागेल, आणि रस्त्यात काहीच उपयोग नाही.

गायकवाड सर, सी-१०३: म्हणजे चांगल्या कंपनीची बॅटरीवाली. ठरलं मग.

देशमुख काका, ए-१०१: नाही सर, मुद्दा पुढंच आहे. रोहितचा नट का हलला नाही, ते बघा. तो ७० किलोचा असेल. एक फुटी पान्याच्या टोकावर उभा राहिला म्हणजे नटावर २०० एनएमच्या वर जोर आला. तरी नट हलला नाही. जुन्या वॅगन-आरच्या पुस्तकात व्हील नट ८५ एनएमला आवळायचा असं दिलंय. गंज नसेल तर कुणीतरी तो अडीचपट आवळलाय. रोहित, मागं टायर कधी उतरवले होते?

रोहित, बी-२०४: उन्हाळ्याच्या तोंडाला रोटेशन केलं होतं. टायरवाल्यानं गननंच आवळले होते, ट्रिगर बराच वेळ दाबून धरला होता.

देशमुख काका, ए-१०१: हेच ते. मी वाळूजला असेंब्लीत नोकरी केली. तिथं प्रत्येक बोल्टाला ठरलेला टॉर्क असतो, त्याच्या खाली गेलं तरी गाडी थांबते, वर गेलं तरी थांबते. जास्त आवळला म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज मनातून काढा. बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच चाक धरून राहतं. मर्यादेपलीकडं ताणला की तो परत आखडत नाही, आटे खराब होतात, पुढच्या वेळी स्टडच (नट बसतो तो बोल्ट) तुटून हातात येतो. चार नट चार वेगवेगळ्या जोरानं आवळले तर ब्रेकची डिस्क सरळ बसत नाही, आणि वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.

देशमुख काका, ए-१०१: म्हणून माझं स्पष्ट मत, गनच्या आधी टॉर्क पाना घ्या. अर्ध्या इंचाचा, लावलेला टॉर्क आला की कट् आवाज करणारा, साधारण ४० ते २०० एनएमचा. गन फक्त सोडवायला. नट बसवताना पहिले आटे बोटानं फिरवायचे, मग साध्या पान्यानं टेकवायचे, गाडी जॅकवरून खाली घ्यायची आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं, समोरासमोरचे नट घेत. कट् वाजलं की थांबायचं. आट्यांना ऑईल-ग्रीस लावायचं नाही, निसरड्या आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. पाना ठेवताना सेटिंग खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, आणि त्यानं नट सोडवायचे नाहीत.

सुनीता ताई, सी-३०२: मग टायरवाल्याकडून आल्यावर घरी टॉर्क पाना लावून तपासलं तर चालेल ना?

देशमुख काका, ए-१०१: ताई, इथं बरेच जण फसतात. नट आधीच २०० ला आवळलेला असेल तर ८५ ला लावलेला पाना लगेच कट् म्हणेल आणि वाटेल सगळं बरोबर आहे. तो पाना कमी आवळलेलं दाखवतो, जास्त आवळलेलं दाखवत नाही. म्हणून एकेक नट सैल करायचा आणि परत ८५ ला आवळायचा. टायरवाल्याला आधीच सांगायचं, दादा, गननं नुसते टेकवा, शेवटचं हातानं आवळू. चांगले कारागीर लगेच ऐकतात. आणि ५०-१०० किलोमीटर गाडी चालली की एकदा परत पाना फिरवून बघायचा.

रोहित, बी-२०४: काका, त्या सेटमधल्या चकचकीत गोट्या चालतील का?

देशमुख काका, ए-१०१: गनला नाही. क्रोमच्या गोट्या हाताच्या पान्यासाठी असतात. गनच्या ठोक्यानं त्या तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. गनला काळ्या, क्रोम-मॉली पोलादाच्या, सहा कोनी इम्पॅक्ट गोट्याच लावायच्या. डोळ्याला चष्मा, कानात बोळे. आवाज ९५ डेसिबलच्या पुढं जातो.

सुनीता ताई, सी-३०२: माझ्या आय-२० ला अलॉय आहेत. जाड गोटी भोकात जातच नाही, कडेला ओरखडे पडतात.

देशमुख काका, ए-१०१: ताई, अलॉयसाठी पातळ भिंतीची लांब गोटी मिळते, वरून प्लास्टिकचं आवरण असतं. तुमच्या गाडीला २१ ची लागेल, रोहितच्या मारुतीला १९ ची.

पाटील दादा, डी-२०१: काका, गावाकडं अंबडला आपला ट्रॅक्टर आहे. ही गन त्याला चालंल का?

देशमुख काका, ए-१०१: दादा, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाऊण इंच चौकोनाची गन लागते, ही नाही पुरायची. पण रोटाव्हेटरची पाती बदलायला ही फार कामाची. काळ्या मातीनं आणि गंजानं धरलेले नट हातानं सोडवताना अख्खा दिवस जातो. तारेच्या ब्रशनं माती काढा, गंज सोडवायचा स्प्रे मारून थोडं थांबा, मग गन लावा. मात्र इंजिनच्या ऑईलचा बोल्ट, प्लग, ॲल्युमिनियममध्ये बसणारं काहीही, तिथं गन नेऊ नका. आटे गेले की सगळा खर्च डोक्यावर.

पाटील दादा, डी-२०१: समजलं. पेरणीच्या आधी पाती बदलायचीच आहेत. मग बॅटरी ट्रॅक्टरच्या पेटीतच ठेवतो.

देशमुख काका, ए-१०१: तेवढं नका करू. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद डिकीत आणि पत्र्याच्या पेटीत बॅटरी भाजून निघते. घरात सावलीत ठेवा. वापरून गरम झालेली लगेच चार्जिंगला लावू नका, निवू द्या.

सेक्रेटरी, ए-३०१: काकांनी लिहिलंय ते पिन करतोय. दुपारी दोन ते चार पार्किंगमध्ये गन नको, लहान मुलं झोपलेली असतात. आणि काका, टॉर्क पाना सोसायटीच्या खर्चानं एक घेऊ का? मीटिंगमध्ये विषय ठेवतो.

देशमुख काका, ए-१०१: जरूर ठेवा. पाना वॉचमनच्या खोलीत, सोबत वही, कुणी नेला ते लिहायचं. रोहित, तुला एवढंच सांगतो, रस्त्यासाठी गन हवीच असं नाही. नट ८५ लाच आवळलेले असले तर दोन फुटी हँडल आणि १९ ची गोटी डिकीत पुरते, आई एकटी असली तरी तिच्यानंही नट सुटेल. गन हौसेनं घे, घरच्या कामाला घे.

रोहित, बी-२०४: हँडल आणि गोटी आज संध्याकाळीच आणतो काका. गनचं पुढच्या महिन्यात बघू. पण बाकीच्या तीन चाकांचे नट तसेच आवळलेले असतील ना?

देशमुख काका, ए-१०१: असणारच. रविवारी सकाळी दहाला गाडी पार्किंगमध्ये सपाट जागेवर लाव, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये. माझा टॉर्क पाना आणतो. स्टेपनी लावलेल्या चाकाचे नटही धरायचेत, ते मदतीच्या गाडीवाल्यानं किती आवळलेत कुणास ठाऊक.

सुनीता ताई, सी-३०२: काका, मीही माझी गाडी आणते. २१ ची पातळ गोटी कुठं मिळेल?

देशमुख काका, ए-१०१: माझ्याकडं आहे ताई. गाडीचं पुस्तक तेवढं आणा, तुमच्या मॉडेलचा आकडा त्यात बघूनच पाना लावू.