मदत हवी आहे: अल्मुन्येकारला स्वयंपाकघर असलेलं स्वस्त घर

मंडळी, ऑक्टोबरात लंडनहून आई-बाबांना घेऊन स्पेनला जायचं आहे. बेनिदोर्मसारख्या पर्यटकांनी भरलेल्या शहराची गजबज नको, म्हणून ग्रानादा प्रांतातलं समुद्रकाठचं अल्मुन्येकार ठरतंय. मालागा विमानतळापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि जुलै-ऑगस्ट सरला की भाडी उतरतात. शिवाय मागच्या दरीत आंबे, अव्होकाडो आणि चिरिमोया पिकतात. चिरिमोया म्हणजे आपल्या सीताफळाचंच भावंड, त्यामुळे बाबा आत्ताच खूश!

रोज बाहेर जेवणं परवडणार नाही आणि आईला वरणभात लागतोच. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध-दुभतं नेता येत नाही, म्हणजे तूप घरीच. डाळ-मसाले नेईन. पण तिथल्या अपार्टमेंटमध्ये काचेची सपाट इलेक्ट्रिक शेगडी असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा छोटा कुकर चालतो का? इंडक्शन असेल तर प्रश्नच मिटला, स्टीलचाच न्यावा लागेल.

सान क्रिस्तोबाल किनाऱ्याजवळ राहावं की जुन्या गावात? किल्ल्याकडच्या गल्ल्या चढाच्या आहेत आणि आईचे गुडघे कुरकुरतात. किनाऱ्यावर वाळूपेक्षा खडेच जास्त, म्हणून चपला नेतोच आहोत. गाडी न घेता बसने निभतं का? कोणी राहून आलं असेल तर भाड्याचा अंदाजही सांगा.