मदत हवी आहे: इन्यो काउंटीत (कॅलिफोर्निया) परवडणारे घर, भाड्याने की कर्ज काढून?

नमस्कार.

आम्ही कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागातील इन्यो काउंटीत, बिशप या गावी गेली चार वर्षे भाड्याने राहत आहोत. मी येथील एका लहान रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, यजमान शाळेत बदली शिक्षक म्हणून जातात आणि मुलगी दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात घरमालकांनी घर विकायचे ठरवल्याचे कळवून साठ दिवसांत जागा रिकामी करण्याची लेखी सूचना दिली. तेव्हापासून आम्ही रोज आकडेमोड करत आहोत, पण निर्णय होत नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात राहिलेल्या किंवा तेथे घर घेतलेल्या सदस्यांचे मार्गदर्शन मिळाले, तर फार उपकार होतील.

आधी येथील परिस्थिती सांगते, कारण शहरात राहणाऱ्यांना ती सहसा खरी वाटत नाही. माझे सासरे साताऱ्याहून बोलताना नेहमी विचारतात, की एवढा मोकळा मुलूख असताना घराची अडचण कशी येते? त्यांचा प्रश्न रास्त आहे. इन्यो काउंटीचे क्षेत्रफळ सातारा जिल्ह्याच्या अडीच पट आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या केवळ १९,०१६. मात्र येथील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे: राष्ट्रीय वनक्षेत्र, डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान आणि इतर सरकारी जमिनी. बिशप ज्यात वसले आहे त्या ओवेन्स खोऱ्याच्या तळाची सपाट, पाण्याजवळची जमीन बहुतांशी लॉस एंजेलिस शहराच्या पाणी व वीज खात्याकडे आहे. येथील पाणी लॉस एंजेलिसला नेणाऱ्या, १९१३ मध्ये सुरू झालेल्या कालव्यासाठी आणि त्यानंतरच्या काळात त्या शहराने येथील शेते पाण्याच्या हक्कांसह विकत घेतली, ती आजही त्याच्याच नावावर आहेत. खासगी मालकीची जमीन काउंटीच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरते. बिशपची वस्ती जेमतेम ३,८०० असून गावाच्या कडेला जेथे घरे संपतात, तेथेच दुसऱ्याच्या मालकीचे कुंपण सुरू होते. त्यामुळे गाव वाढू शकत नाही. शिवाय साठ-पासष्ट किलोमीटरवरील मॅमथ लेक्स या बर्फावरच्या खेळांच्या गावात काम करणाऱ्या अनेकांना तेथील घरे परवडत नाहीत, म्हणून तेही राहायला बिशपला येतात. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही; तेही आमच्यासारखेच नोकरदार आहेत.

आता आमचे आकडे. दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न करापूर्वी १,०६,००० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ८,८३० डॉलर आहे. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत घरखर्च परवडणारा मानावा, हा येथील सरकारी निकष लावला, तर आमची मर्यादा २,६५० डॉलर होते. सध्याचे भाडे २,१०० आहे. गावात आता रिकामे असलेले दोन खोल्यांचे एकमेव घर २,८०० डॉलरला आहे आणि त्यासाठी आमच्याआधी दोन कुटुंबांनी अर्ज केले आहेत. बचत ४१,००० डॉलर आहे. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाल्यामुळे कृषी खात्याच्या (यूएसडीए) हमीवर मिळणारे ग्रामीण गृहकर्ज आमच्यासाठी खुले झाले.

या कर्जाला सुरुवातीची रक्कम भरावी लागत नाही, हे ऐकून आम्हांला फार आशा वाटली होती. प्रत्यक्ष हिशेब मांडल्यावर वेगळेच चित्र दिसले. बिशपमध्ये आम्ही पाहिलेले सर्वांत स्वस्त, तीन खोल्यांचे जुने घर ५,२०,००० डॉलरचे होते. हमीचे एक टक्का शुल्क कर्जात धरून, सव्वासहा टक्के व्याजाने तीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ३,२३० येतो. त्यावर मालमत्ता कर, ०.३५ टक्के वार्षिक शुल्क आणि विमा मिळवला की महिन्याचा खर्च ४,१५० डॉलरपर्यंत जातो, म्हणजे उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मा. या कर्जात घरखर्चाचे प्रमाण साधारणपणे २९ टक्के धरतात. सुरुवातीची रक्कम माफ झाली तरी हप्ता माफ होत नाही, ही साधी गोष्ट मला कागदावर आकडे लिहीपर्यंत नीट उमगली नव्हती.

म्हणून दोन पर्याय उरले आहेत आणि दोन्हींबद्दल मनात शंका आहेत.

पहिला पर्याय मोबाइल होमचा, म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेल्या घराचा. गावातील अशा घरांच्या एका वसाहतीत (पार्कमध्ये) १९८४ सालचे घर १,६५,००० डॉलरला आहे. घर आपले, पण खालची जमीन पार्कच्या मालकाची, आणि तिचे भाडे महिना ६५० डॉलर. अशा घराला नेहमीचे गृहकर्ज मिळत नाही, तर वाहनासारखे जंगम मालमत्तेचे कर्ज मिळते. मला सांगितलेला दर साडेनऊ टक्के असून मुदत वीस वर्षांची आहे. ३३,००० डॉलर आधी भरल्यास हप्ता, जागेचे भाडे आणि विमा मिळून १,९८० च्या आसपास खर्च येईल. दरमहा परवडणारा पर्याय हाच आहे. परंतु बहुतेक सगळी बचत त्यात जाईल, जागेच्या भाड्यावर राज्यभर लागू होणारी मर्यादा नाही, आणि उद्या भाडे वाढले तर घर उचलून दुसरीकडे नेणे हे नावातच शक्य आहे. ज्यांनी अशा पार्कमध्ये काही वर्षे काढली आहेत, त्यांच्या जागेचे भाडे किती वाढले आणि घर विकताना काय अनुभव आला, हे कृपया सांगावे.

दुसरा पर्याय शेजारच्या मोनो काउंटीतील चाल्फंट व्हॅलीत, येथून साधारण वीस-बावीस किलोमीटरवर आहे. स्वतःच्या जमिनीवर, पक्क्या पायावर बसवलेले मॅन्युफॅक्चर्ड होम (हेही कारखान्यात तयार केलेलेच घर) ३,४०,००० डॉलरला आहे. सर्व धरून महिन्याला २,७७५ डॉलर खर्च येईल, म्हणजे ३१ टक्क्यांच्या थोडे वर. बँकेच्या प्रतिनिधी म्हणाल्या, की इतर कर्ज नसल्यामुळे विचार होऊ शकेल. माझ्या अडचणी तीन आहेत. आधी कोणी राहिलेल्या मॅन्युफॅक्चर्ड होमला यूएसडीएची हमी अलीकडे कोणाला मिळाली आहे का? तेथे पाणी स्वतःच्या विहिरीचे आणि सांडपाणी सेप्टिक टाकीत जाते. खरेदीपूर्वी विहिरीची कोणती तपासणी आग्रहाने करून घ्यावी? आणि विमा. जवळच्या स्वॉल मेडोज येथे फेब्रुवारी २०१५ च्या वणव्यात चाळीसच्या आसपास घरे जळाली, त्यामुळे खासगी कंपन्या या भागात सहज विमा देत नाहीत आणि शेवटी, इतरत्र विमा न मिळणाऱ्यांसाठी राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘फेअर प्लॅन’ या विमा योजनेकडे जावे लागते. त्यात आगीखेरीज फारसे काही येत नसल्याने दुसरी पॉलिसी जोडावी लागते. मी दोन्हींसाठी महिना २५० डॉलर धरले आहेत. ते पुरेसे आहेत का?

आणखी दूर जाणे शक्य नाही. रात्रीच्या पाळीला बोलावणे आले, की मला तीस मिनिटांत प्रयोगशाळेत पोहोचावे लागते. त्यामुळे शंभर किलोमीटरवरील लोन पाइन बाद होते. बिग पाइन चालले असते, पण तेथे सध्या एकही घर नाही.

घरमालकांच्या सूचनेबद्दलही विचारायचे आहे. कॅलिफोर्नियाच्या २०१९ च्या भाडेकरू संरक्षण कायद्यानुसार, वर्षाहून अधिक राहिलेल्या भाडेकरूला काढण्यासाठी कायद्यात नमूद केलेले कारण लागते आणि भाडेकरूचा दोष नसेल, तर एका महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते. व्यक्तीच्या मालकीच्या स्वतंत्र घराला यातून सूट आहे, परंतु ती सूट भाडेकरूला लेखी कळवलेली असली पाहिजे. आमच्या करारात तसा उल्लेख कोठेही नाही. मग केवळ विक्री हे कारण पुरेसे ठरते का? घरमालकांशी आमचे संबंध चांगले आहेत आणि ते बिघडवण्याची इच्छा नाही, पण मुलीचे शालेय वर्ष संपेपर्यंत राहता आले, तर फार मोठा आधार होईल. मोफत कायदेशीर सल्ला फोनवर देणाऱ्या संस्थेचा कोणाला चांगला अनुभव असल्यास तोही सांगावा.

सासरे साताऱ्याजवळचा प्लॉट विकून पैसे पाठवायला तयार आहेत. त्यांच्या म्हातारपणाचा तो एकमेव आधार असल्यामुळे आम्ही नको म्हटले आहे, आणि त्याबाबत मत बदलायचे नाही. त्यामुळे तो मार्ग वगळून उत्तर द्यावे, ही विनंती.

चाल्फंटच्या घरासाठी बोली लावायची की नाही, हे मला येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे. भाडेकराराची नावे झाकलेली प्रत आणि बँकेने दिलेला खर्चाचा अंदाज माझ्याकडे तयार आहे. कोणाला पाहायचे असल्यास पाठवते.